आवाज किती बिटांत मावतो?

बोललेला शब्द म्हणजे हवेच्या दाबातला सलग चढउतार. तो तारेतून, रेडिओलहरीतून किंवा संगणकाच्या स्मृतीतून न्यायचा तर त्याचे आकडे करावे लागतात, आणि हे काम दोन पावलांत होते. पहिल्या पावलात ठराविक वेळाने लहरीची उंची मोजतात. याला सॅम्पलिंग म्हणतात. दुसऱ्या पावलात मोजलेली प्रत्येक उंची आधीच आखलेल्या पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवतात, हे क्वांटायझेशन. मग त्या पायरीचा क्रमांक कमीत कमी बिटांत लिहितात, ते कोडिंग.

पहिले पाऊल नीट टाकले तर काहीच हरवत नाही. लहरीतल्या सर्वांत वरच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घेतले की मूळ लहर जशीच्या तशी परत उभी करता येते. दुसऱ्या पावलात मात्र काहीतरी कायमचे जाते. दोन पायऱ्यांच्या मधली उंची कुठल्या तरी एका पायरीची होते आणि उरलेला फरक पुन्हा हाती लागत नाही. गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांतले या क्षेत्रातले जवळजवळ सगळे वाद या फरकाभोवतीच फिरले आहेत. किती हरवू द्यायचे, कुठे हरवू द्यायचे आणि हरवल्याचे कोणाच्या कानाने ठरवायचे, हे ते तीन प्रश्न. जालन्याच्या मोंढ्यातून वाशीच्या बाजारात मोसंबीचा भाव सांगणारा आवाज दर सेकंदाला या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांतून जात असतो.

पायऱ्यांचा हिशोब

आवाज आकड्यांत पाठवण्याची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याची. पॅरिसमध्ये काम करत असताना त्याने तिचे पेटंट १९३८ साली घेतले. पद्धतीचे नाव पल्स कोड मॉड्युलेशन, व्यवहारात पीसीएम. तेव्हाच्या व्हॉल्व्हच्या जमान्यात ती परवडण्याजोगी नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यावर १९६२ साली अमेरिकेत तिच्यावर चालणाऱ्या दूरध्वनी वाहिन्या सुरू झाल्या. दरम्यान सिद्धान्त पुढे गेला होता. १९४८ साली बेल लॅबोरेटरीजच्या बेनेट यांनी क्वांटायझेशनमधल्या चुकीचे गणित मांडले. पायऱ्या बारीक असतील तर ही चूक साध्या खरखरीसारखी वागते, आणि प्रत्येक वाढीव बिटामागे खरखर सुमारे ६ डेसिबलने खाली जाते. हा नियम आजही पहिल्या धड्यात शिकवतात.

पायऱ्या जाड झाल्या की गणित बदलते. तेव्हा चूक आवाजाला चिकटून चालते आणि ऐकणाऱ्याला ती खरखर न वाटता आवाजाचा विद्रूपपणा वाटतो. त्यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटेल असा आहे: क्वांटायझेशनच्या आधी मुद्दाम थोडी यादृच्छिक खरखर मिसळायची. तिला डिदर म्हणतात. रॉबर्ट्स यांनी १९६२ साली चित्रांच्या कोडिंगसाठी तिचा उपयोग दाखवला आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात ती आजही रोजच्या वापरात आहे.

बोलण्याचा मुख्य अडसर असा की त्यात मोठे आणि हळू यांच्यातले अंतर फार असते. 'आ' जोरात येतो. 'फ'मधला वारा त्याच्या तुलनेत अगदी क्षीण. सगळ्या पायऱ्या सारख्या ठेवल्या तर क्षीण ध्वनी एका पायरीतच बुडून जातात. सराफ सोने गुंजेत मोजतो आणि मोंढ्यात ज्वारी क्विंटलवर मोजतात, तसे हळू आवाजाला दाट पायऱ्या आणि मोठ्या आवाजाला लांब लांब पायऱ्या देणे हा यावरचा तोडगा ठरला. त्याला कंपँडिंग म्हणतात. दूरध्वनीने ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा स्वीकारला, सेकंदाला ८००० नमुने ठरवले, आणि साध्या पायऱ्यांनी ज्या गुणवत्तेला बारा-तेरा बिट लागत ती आठ बिटांत बसवली. हिशोब झाला सेकंदाला ६४,००० बिट. १९७२ साली आंतरराष्ट्रीय मानक जी.७११ ठरले. अमेरिका आणि जपानने म्यू-लॉ हा पायऱ्यांचा आराखडा घेतला, युरोपने ए-लॉ. भारतही ए-लॉच्या बाजूला गेला.

भारतातल्या गावागावांत हा ए-लॉ पोचवला तो सी-डॉटच्या छोट्या एक्सचेंजांनी. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्सचेंज १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. धूळ, उन्हाळा आणि वातानुकूलन नसलेली खोली गृहीत धरून केलेला तो आराखडा होता. घरापासून एक्सचेंजपर्यंत आवाज तांब्याच्या तारेवर सलग लहर म्हणूनच येई आणि एक्सचेंजच्या कार्डावर त्याचे आठ-आठ बिटांचे आकडे होत. ज्यांनी जुन्या यांत्रिक एक्सचेंजवर ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहिली आणि मग ओरडून बोलले, त्यांना या बदलाचे मोल सांगावे लागत नाही. आकडा वाटेत झिजत नाही. मुंबईला पोचलेला आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा स्वच्छ ऐकू येतो.

पायऱ्या नेमक्या कुठे आखाव्यात, याचे सर्वसाधारण उत्तर लॉइड यांनी १९५७ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये शोधले आणि मॅक्स यांनी १९६० साली स्वतंत्रपणे छापले. लॉइड यांचे टिपण १९८२ पर्यंत छापलेच गेले नव्हते. उत्तर साधे आहे: जिथे मूल्ये वारंवार येतात तिथे पायऱ्या दाट, आणि प्रत्येक पायरी आपल्या वाट्याच्या मूल्यांच्या सरासरीवर.

पुढचा नमुना आधीच ओळखणे

बोलण्यातला एक नमुना आणि पुढचा नमुना यांत फारसा फरक नसतो. मग पूर्ण उंची पाठवण्याऐवजी फक्त फरक पाठवला तर कमी बिट पुरतील. या विचाराचे पेटंट कटलर यांना १९५२ साली मिळाले. त्याचेच टोकाचे रूप म्हणजे डेल्टा मॉड्युलेशन: एकच बिट, वर की खाली. त्याची सुधारलेली जात आजही ब्लूटूथच्या साध्या हेडफोनवरून फोनवर बोलताना वापरात येऊ शकते.

एकच पायरी सगळ्या प्रसंगांना पुरत नाही, ही या मार्गावरची खरी अडचण होती. ती मूळच्या कर्नाटकातल्या नुग्गेहळ्ळी जयंत यांनी १९७३ साली अतिशय सोप्या युक्तीने सोडवली. नुकतेच पाठवलेले मूल्य टोकाच्या पायरीवर गेले असेल तर पायरी मोठी करायची, आतल्या पायरीवर असेल तर लहान. पाठवणारा आणि घेणारा दोघेही तेच मूल्य पाहत असल्यामुळे पायरीचा आकार वेगळा कळवावाच लागत नाही. यातून एडीपीसीएम, म्हणजे फरक पाठवणारे आणि पायरी जुळवून घेणारे पीसीएम, उभे राहिले आणि १९८४ साली ३२,००० बिटांचे मानक झाले. एका तारेवर दुप्पट संभाषणे मावू लागली. मद्रास आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने तयार केलेली कॉरडेक्ट ही बिनतारी ग्रामीण दूरध्वनी व्यवस्था याच ३२,००० बिटांच्या आवाजावर चालत असे.

लहर जपायची की बोलण्याची कृती?

या प्रश्नावर क्षेत्रात दोन पक्ष पडले आणि कित्येक दशके ते एकमेकांशी स्पर्धा करत राहिले.

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे: पोचलेली लहर निघालेल्या लहरीसारखीच दिसली पाहिजे. मग बोलणारा कोण, भाषा कोणती, मागे ट्रॅक्टर आहे की हलगी, याचा विचार करण्याची गरजच राहत नाही. पीसीएम आणि एडीपीसीएम याच पक्षातले. त्यांचा भक्कमपणा निर्विवाद आहे. किंमत बिटांत मोजावी लागते.

दुसरा पक्ष विचारतो की लहर पाठवायचीच कशाला. माणूस सेकंदाला दहा ते पंधरा ध्वनी उच्चारतो. मराठीचे ध्वनी पन्नासएक धरले तर एका ध्वनीला सहा बिट पुरतात. म्हणजे बोलण्यातला शब्दांचा भाग सेकंदाला ६० ते ९० बिटांत सांगता येतो, आणि दूरध्वनी त्यासाठी ६४,००० खर्च करतो. मधल्या प्रचंड अंतरात बोलणाऱ्याची ओळख, वय, राग, थकवा, हेल हे सगळे आहे हे खरे. पण त्यालाही एवढी जागा लागत नाही. लहरीऐवजी घशाची आणि तोंडाची स्थिती पाठवावी आणि पलीकडे यंत्राने पुन्हा बोलावे, हा या पक्षाचा आग्रह. होमर डडली यांचा व्होकोडर १९३० च्या दशकात यातूनच जन्मला. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली सुरू झालेल्या सिगसॅली या गुप्त दूरध्वनी यंत्रणेने व्होकोडरचे बारा आकडे सेकंदाला पन्नासदा, प्रत्येकी सहा पायऱ्यांवर बसवून अटलांटिकपार पाठवले. खोल्या भरतील एवढे यंत्र आणि सेकंदाला सुमारे दीड हजार बिटांचा आवाज.

या मार्गाला गणिताचा पाया मिळाला तो लिनियर प्रेडिक्शनने. कानपूरला जन्मलेले, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून १९६१ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये गेलेले बिष्णू अटल, आणि जपानमध्ये इताकुरा व साइतो यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जवळजवळ एकाच वेळी तो घातला. प्रत्येक नमुना मागच्या दहाएक नमुन्यांच्या बेरजेतून ओळखता येतो, आणि त्या बेरजेचे दहा गुणक म्हणजेच त्या क्षणीच्या मुखविवराचा आकार. गुणक, स्वराची उंची, जोर आणि 'घोष की अघोष' हे सांगणारा एक बिट एवढे पाठवले की बोलणे उभे राहते. अमेरिकी लष्कराच्या एलपीसी-१० मानकाने १९८४ साली ते २४०० बिटांत केले. शब्द कळत, पण माणूस ओळखू येत नसे. सगळे जण एकाच डब्यातून बोलल्यासारखे वाटत.

दोन्ही पक्षांचा मेळ १९८५ साली श्रोडर आणि अटल यांनी मांडलेल्या सेल्प पद्धतीत झाला. मुखविवराचे गुणक पाठवायचेच, पण घशातून येणाऱ्या लहरीचे छोटे छोटे नमुने आधीच एका कोशात लिहून ठेवायचे. पाठवणाऱ्याने प्रत्येक नमुना मुखविवरातून प्रत्यक्ष घालून पाहायचा, आणि ज्याचे फळ मूळ आवाजाच्या सर्वांत जवळ जाईल त्याचा फक्त क्रमांक कळवायचा. तेव्हाच्या क्रे-१ महासंगणकाला एका सेकंदाचे बोलणे कोड करायला शंभराहून जास्त सेकंद लागले. दहाएक वर्षांत हेच काम हाताच्या पंजात मावणाऱ्या फोनमधली चिप बोलण्याच्या वेगाने करू लागली. भारतात १९९५ साली मोबाइल सेवा सुरू झाली तेव्हा जीएसएममध्ये सेल्पचीच चुलत पद्धत होती: २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा, त्याला २६० बिट, सेकंदाला १३,०००. पुढे आलेली एएमआर मालिका शुद्ध सेल्प घराण्यातली. तिचे दर ४,७५० ते १२,२०० बिट, आणि टॉवर लांब असेल किंवा सिग्नल पडला असेल तर दर आपोआप बदलतो.

या मेळाने पक्षभेद मिटवला असे अनेक पाठ्यपुस्तके सांगतात. ते पूर्णपणे खरे नाही. सेल्पच्या आत 'एकच तोंड बोलते आहे' हे गृहीत शिल्लक आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलादाच्या रोलिंग मिलमधून कोणी फोन केला की एका तोंडासाठी बांधलेल्या साच्यात यंत्रांचा खडखडाट कोंबला जातो आणि बोलणे व पार्श्वभूमी दोन्ही बिघडतात. लहर जपणाऱ्या ६४,००० बिटांच्या जुन्या तारेला ही अडचण कधीच नव्हती.

एकेक की जथ्याने?

दुसरा मोठा वाद क्वांटायझेशनच्या स्वरूपाचा आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईत येतो.

दहा गुणक एकेक करून पायऱ्यांवर बसवता येतात. ते स्केलर क्वांटायझेशन. किंवा दहाही गुणक मिळून एक आकृती मानायची, अशा हजारो आकृत्यांचा कोश आधी तयार करायचा आणि जवळच्या आकृतीचा क्रमांक पाठवायचा. ते व्हेक्टर क्वांटायझेशन. शॅनन यांचा सिद्धान्त जथ्याच्या बाजूने आहे: नमुने एकत्र घेतले तर तेवढ्याच बिटांत चूक नेहमी कमी किंवा समान राहते. १९८० साली लिंडे, बुझो आणि ग्रे यांनी नमुन्यांवरून कोश शिकण्याची व्यवहार्य रीत दिली. ती लॉइड यांच्या रीतीचेच अनेक मितींतले रूप आहे.

अडचण कोशाच्या आकाराची. चांगल्या गुणवत्तेला एका तुकड्याचे गुणक सांगायला २४ बिट लागतात असे धरले, तर कोशात १ कोटी ६७ लाखांहून जास्त आकृत्या हव्यात. एवढा कोश ना साठवता येत होता, ना दर २० मिलिसेकंदांना चाळता येत होता. या प्रश्नाचे सर्वाधिक उद्धृत झालेले उत्तर कुलदीप पालीवाल आणि बिष्णू अटल यांच्या १९९३ सालच्या शोधनिबंधात आहे. पालीवाल यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट १९७८ साली घेतली आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वाणी-प्रक्रियेवर काम केले. पुढे ते परदेशी गेले. त्यांनी आणि अटल यांनी दहा गुणकांना आधी इताकुरा यांनी १९७५ साली सुचवलेल्या लाइन स्पेक्ट्रल वारंवारतांमध्ये बदलले. या वारंवारता नेहमी चढत्या क्रमाने येतात. क्रम बिघडला की चूक लगेच दिसते. मग दहांचे चार आणि सहा असे दोन गट केले आणि प्रत्येक गटाला १२ बिट दिले. ४०९६ आकृत्यांचे दोन कोश. दोन्ही साठवता येतात, चाळता येतात. एकेक करून बसवताना यासाठी बत्तीस-चौतीस बिट लागत.

निबंधाची दुसरी देणगी मोजपट्टीची आहे, आणि ती अधिक टिकली. वर्णपटातली सरासरी चूक १ डेसिबलच्या आसपास, २ ते ४ डेसिबल चुकीचे तुकडे २ टक्क्यांहून कमी, आणि ४ डेसिबलच्या वर एकही नाही, असे झाले की क्वांटायझेशन 'पारदर्शक' मानावे. सरासरीबरोबर टोकाच्या चुकांनाही मर्यादा घालणे हा यातला मोलाचा भाग. बोलणे सरासरीवर बिघडत नाही, एखाद्या निसटलेल्या व्यंजनावर बिघडते.

स्केलरच्या बाजूचा युक्तिवादही दुबळा नाही. गिश आणि पिअर्स यांनी १९६८ साली दाखवले की अगदी साध्या समान पायऱ्या घ्याव्यात, मागाहून हफमन किंवा अरिथमेटिक कोडिंगने वारंवार येणाऱ्या क्रमांकांना छोटे संकेत द्यावेत, की नुकसान नमुन्यामागे जास्तीत जास्त पाव बिटाच्या आसपास राहते. संगीत आणि व्हिडिओचे बहुतेक कोडेक आजही याच वाटेने जातात, कारण पाव बिटासाठी कोश बाळगणे त्यांना परवडत नाही. पण जिथे नमुन्यामागे पाव बिटसुद्धा मिळत नाही, त्या कमी दराच्या बोलण्यात जथ्याला पर्याय राहिला नाही. हा वाद एका बाजूने जिंकला गेलेला नाही. दर किती आणि विलंब किती चालतो यावर निवड ठरते.

मराठीचे ध्वनी या पट्ट्यात

दूरध्वनीचा ३४०० हर्ट्झचा माथा, एका बिटाचा घोष-अघोष निर्णय, २० मिलिसेकंदांचा तुकडा, हे सगळे निर्णय भाषेपासून अलिप्त दिसतात. मराठीच्या बाजूने पाहिले की ते तसे राहत नाहीत.

'स'मधल्या वाऱ्याचा मोठा भाग ४००० हर्ट्झच्या वर असतो, 'श'चा त्याखाली. म्हणजे दूरध्वनीच्या पट्ट्यात 'स' जवळजवळ नुसता ठसा म्हणून उरतो. 'आठ' आणि 'साठ' यांच्यात फरक फक्त या ठशाचा आहे. मोंढ्यात भाव सांगताना 'साठ, सहा शून्य' असे फोड करून म्हणण्याची सवय लागते ती उगाच नाही. याच घरातला पण मराठीला खास असलेला प्रश्न 'च' आणि 'ज' यांचा. अशोक केळकर यांनी कॉर्नेलमध्ये १९५८ साली पूर्ण केलेल्या मराठी ध्वनिव्यवस्थेच्या प्रबंधापासून भाषाशास्त्रात त्यांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार वेगळे नोंदले जातात. 'जरा' म्हणजे थोडेसे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा. लिपी एकच, उच्चार दोन. दंततालव्य उच्चाराचा वारा 'स'सारखा वर असतो, तालव्याचा 'श'सारखा खाली. वरचा भाग कापला की दोन्ही एकमेकांकडे सरकतात. वाक्यात संदर्भ मदतीला येतो. सुट्या शब्दाला, आडनावाला, गावाच्या नावाला ती मदत नसते.

'वेळ' आणि 'वेल' यांचे दुखणे वेगळे. 'ळ' आणि 'ल' यांना वेगळे करणारी खूण प्रामुख्याने तिसऱ्या फॉर्मंटमध्ये (मुखविवराच्या तिसऱ्या अनुनादात), म्हणजे पट्ट्याच्या आतच असते, त्यामुळे दोष सॅम्पलिंगला देता येत नाही. पण 'ळ' म्हणताना जीभ टाळूला लागून झटकन सुटते. सगळा प्रसंग एक-दोन तुकड्यांत आटोपतो. गुणकांचे क्वांटायझेशन ढोबळ असेल किंवा शेजारच्या तुकड्यांतून सरासरी काढली जात असेल तर हीच खूण पुसली जाते.

महाप्राण घोष व्यंजनांची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. 'घ', 'झ', 'ढ', 'ध', 'भ' यांत आणि 'म्हैस', 'पुन्हा', 'कोल्हा', 'जेव्हा' या शब्दांतल्या जोड ध्वनींत स्वरतंतू कंप पावतात आणि त्याच वेळी त्यांच्यामधून वाराही सुटतो. एलपीसी-१० विचारते: घोष की अघोष? या ध्वनींचे खरे उत्तर आहे 'दोन्ही', आणि त्याला त्या बिटात जागा नाही. १९९० च्या दशकात आलेल्या मेल्प पद्धतीने वर्णपटाचे पाच पट्टे करून प्रत्येकात कंप आणि वारा यांचे प्रमाण वेगळे ठेवले. दर तोच २४०० बिट, पण जागा योग्य ठिकाणी वापरलेली. ती सुधारणा मराठीसाठी केलेली नव्हती; तिचा फायदा मात्र महाप्राणांनी समृद्ध असलेल्या भाषांना अधिक आहे.

पट्टा वाढवणे हा 'स'च्या प्रश्नाचा सरळ उपाय. एएमआर-वाइडबँड हे मानक सेकंदाला १६,००० नमुने घेऊन ७००० हर्ट्झपर्यंत जाते आणि १२,६५० बिटांतही चांगले चालते. भारतात २०१६ साली जिओने फक्त फोर-जीवर चालणारी सेवा सुरू केल्यावर असा रुंद पट्टा सामान्य ग्राहकापर्यंत मोठ्या प्रमाणावर गेला. पण एका टोकाला जुना टू-जी फोन असेल तर संभाषण पुन्हा अरुंद पट्ट्यात येते, आणि वाटेत एका कोडिंगमधून दुसऱ्यात रूपांतर झाले तर दोन्हींच्या चुका साठत जातात.

कोणाचा कान?

चुकीचे गणित डेसिबलमध्ये होते, पण ऐकणारा डेसिबल ऐकत नाही. श्रोडर, अटल आणि हॉल यांनी १९७९ साली दाखवले की क्वांटायझेशनची खरखर आवाजाच्या जोरकस भागाखाली ढकलली तर ती तितकीच असूनही ऐकू येत नाही. सेल्पपासून एमपी३पर्यंत सगळ्यांनी हे तत्त्व उचलले. मात्र त्यामुळे मोजमाप अवघड झाले. माणसांना ऐकवून एक ते पाच गुण देण्याची रीत सर्वांत विश्वासार्ह, पण महाग. पेस्क आणि पोल्का ही २००१ आणि २०११ सालची मानके संगणकाकडून तो गुण अंदाजतात. त्यांचा अंदाज 'आवाज किती सुखद' याचा आहे. 'वेळ' ऐकू आली की 'वेल' हे ती विचारत नाहीत. त्यासाठी यमकी जोड्यांच्या चाचण्या असतात, आणि त्यांतली सर्वांत रूढ चाचणी इंग्रजी शब्दजोड्यांवर उभी आहे. मराठीसाठी आठ-साठ, वेळ-वेल, बात-भात अशा जोड्यांची सर्वमान्य चाचणी नसणे, ही या आढाव्यातली सर्वांत सहज भरून काढता येणारी उणीव म्हणावी लागेल. अशा चाचणीला महासंगणक लागत नाही.

दरम्यान ऐकणारा बदलला. २०१० च्या आसपास केंद्र सरकारच्या पाठबळाने सहा भारतीय भाषांत शेतमालाचे बाजारभाव फोनवर बोलून विचारण्याची योजना संशोधन संस्थांच्या एका गटाने हाती घेतली. मराठीचे काम टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि मुंबई आयआयटी यांच्याकडे होते. ध्वनिसंच प्रयोगशाळेच्या शांत खोलीत न करता शेतकऱ्यांकडून मोबाइलवर गोळा करण्यात आला, कारण ओळख करायची ती मोबाइलच्या कोडिंगमधून आलेल्या, रस्त्याच्या आवाजात मिसळलेल्या बोलण्याची. मालाचे नाव, जिल्ह्याचे नाव, बाजाराचे नाव: सगळे सुटे शब्द, संदर्भाविना. यंत्राला क्वांटायझेशनची चूक माणसाहून जास्त भोवते, हे अशा कामांतून स्पष्ट झाले आहे. यावर दोन मते आहेत. एक म्हणते, कोड केलेल्या बोलण्यावरच यंत्राला शिकवावे. दुसरे म्हणते, फोनने माणसासाठी आवाज आणि यंत्रासाठी वैशिष्ट्ये वेगवेगळी कोड करून पाठवावीत. युरोपात २००० साली दुसऱ्या मताचे मानकही झाले, ४८०० बिटांचे. व्यवहारात पहिले मत टिकले.

शिकलेले कोश

२०१२ साली मानक झालेला ओपस हा खुला आणि परवाना शुल्क नसलेला कोडेक ६,००० बिटांपासून पाच लाखांच्या वर जातो, आणि बोलणे व संगीत यांच्यासाठी दोन वेगळी यंत्रे एकाच पेटीत ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी निरोप याच रूपात जातो. जुन्या घराण्याचे हे बहुधा सर्वांत परिपक्व रूप.

नवे घराणे न्यूरल जाळ्यांचे. २०१८ साली क्लाइन आणि सहकाऱ्यांनी २४०० बिटांच्या साध्या व्होकोडरचे तेच बिट घेऊन पलीकडे वेव्हनेट हे जाळे बसवले आणि आवाज आश्चर्यकारक नैसर्गिक केला. गुगलचा लायरा २०२१ साली ३००० बिटांवर आला. त्याच वर्षी साउंडस्ट्रीम, पुढच्या वर्षी मेटाचा एन्कोडेक. यांच्या पोटात क्वांटायझेशन जुनेच आहे. एन्कोडेक सेकंदाला ७५ आकृत्या काढतो, प्रत्येक १०२४ आकृत्यांच्या कोशात शोधतो, उरलेली चूक दुसऱ्या कोशात, तिची चूक तिसऱ्यात. आठ कोश वापरले की ६००० बिट, दोन वापरले की १५००. अशा टप्प्याटप्प्याच्या कोशांची कल्पना जुआंग आणि ग्रे यांनी १९८२ सालीच मांडली होती. नवे ते एवढेच की आकृती कशाची काढायची हेही आता जाळे स्वतः शिकते.

समर्थकांचा मुद्दा ऐकताक्षणी पटतो: १५०० बिटांत इतका जिवंत आवाज पूर्वी कधी निघाला नव्हता. आक्षेप चुकीच्या स्वरूपाबद्दल आहे. जुन्या कोडेकची चूक खरखर किंवा घोगरेपणा म्हणून ऐकू येते आणि ऐकणारा 'पुन्हा सांगा' म्हणतो. जाळे बिट कमी पडले की शिकलेल्या बोलण्यातून सर्वांत संभाव्य ध्वनी भरते; परिणाम स्वच्छ असतो आणि कधीकधी वेगळ्याच शब्दाचा. स्वच्छ ऐकू आलेल्या चुकीच्या भावाबद्दल कोणी पुन्हा विचारत नाही. म्हणून शिकवणीत कोणते आवाज होते याला वजन येते. गुगलने खुला केलेला मराठी ध्वनिसंच चांगल्या दर्जाचा आहे, पण त्यात फक्त स्त्रियांचे आवाज आहेत. मराठवाडी हेल, म्हातारे आवाज, उन्हात धापा टाकत बोललेली वाक्ये यांचा वाटा किती असावा, हे ठरवणारे निकष अजून घडायचे आहेत.

ऊर्जेचा प्रश्नही उघडा आहे. ए-लॉला गुणाकारही लागत नाही, एक तक्ता पुरतो. जाळ्याला सेकंदाला कोट्यवधी गुणाकार लागतात. त्यामुळे आता जाळ्यातले गुणकच आठ किंवा चार बिटांच्या पायऱ्यांवर बसवले जातात, आणि त्या पायऱ्या कुठे आखाव्यात याची चर्चा लॉइड आणि मॅक्स यांच्या भाषेतच चालते.

शिवाय या कोशांचे क्रमांक आता फक्त वाहतुकीसाठी राहिलेले नाहीत. मोठी भाषिक मॉडेले शब्दांच्या जागी हेच क्रमांक वाचून बोलणे समजू आणि निर्माण करू लागली आहेत. एका पक्षाला वाटते की आवाज परत उभा करता येईल असा कोश हवा. दुसऱ्याला वाटते की अर्थाला लागतील तेवढेच भेद ठेवणारा कोश पुरे आणि बाकीचे टाकावे. दुसऱ्या मार्गाने दर खूपच खाली येतो. पण 'अर्थाला लागणारे भेद' प्रत्येक भाषेत वेगळे असतात. दोन 'ज'मधला भेद ज्या भाषेत नाही तिच्या नमुन्यांवर शिकलेल्या कोशात त्या दोघांना एकच क्रमांक मिळण्याचा धोका आहे, आणि एकदा एक क्रमांक मिळाला की पुढच्या कोणत्याही टप्प्यावर 'जरा' आणि 'जरा' वेगळे करता येत नाहीत.